चापाची पट्टी

"भोक नाई, स्क्रू नाई, वेल्डिंग नाई," चंदनने अंगणात उभं राहून जाहीर केलं, "तरी पट्टी अशी बसवतो का ट्रक भंगारात जाईन, पट्टी नाई हालणार!"

ऐकायला आई आनंदाबाई होती, बहीण अपेक्षा होती आणि वडिलांनी जुना विकत घेतलेला तो ट्रक होता. ट्रकच्या दारावर 'रुख्मिणी' हे चंदनच्या आजीचं, वडिलांच्या आईचं नाव, आणि त्याखाली रंगाला असे पोपडे की गाडीला कांजिण्या झाल्यासारखं वाटावं. रविवारी सेलूहून बोरगाव मेघेला अपेक्षाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळं घर याच ट्रकमधून जाणार होतं. म्हणून पोपडे झाकायला चंदनने वर्ध्याहून लांबलचक चकाकती स्टीलची पट्टी आणली होती.

अडचण एकच, वडील नत्थूजी. "गाडीले भोक पाडशीन तं घरात पाय ठेवू नको," एवढंच ते बोलले. स्वतःच्या नाकपुडीला मात्र भोक! आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने यांचं नाक टोचून नावच नत्थू ठेवलं होतं. असा टोचलेला माणूस पत्र्याला एवढा का जपतो, हे कुतूहल चंदनला लहानपणापासून होतं.

उपाय सुचला तो अपेक्षाच्या नथीवरून. तिच्या होणाऱ्या सासूची, शोभाबाईंची, अट होती की सून टोचलेल्या नाकाचीच हवी. अपेक्षा सुईचं नाव काढू देईना. तिने गुपचूप चापाची नथ आणली होती.

"ओळखू येते काय रे?" तिने विचारलं.

चंदन नथीकडे टक लावून पाहत राहिला. नाकाला जमतं ते पत्र्याला का जमू नये?

त्याने दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप आणली. दुकानदाराने बजावलं होतं की पत्र्यावर तेलाचा थेंब नको. चंदनने स्पिरिटने पत्रा घासूनपुसून घेतला आणि जेवायला गेला. इकडे नत्थूजींना गाडी कोरडी, केविलवाणी दिसली. रोजच्या सवयीने त्यांनी डिझेलचं फडकं फिरवलं. फक्त दार सोडलं. आईच्या नावाला ते डिझेल लावत नसत. चंदन ढेकर देत परत आला तर पत्रा आरशासारखा चमकत होता. स्पिरिटचं मनोमन कौतुक करत त्याने पट्टी चिकटवून टाकली.

रविवारी ऊन रणरणतं होतं. बोरगाव जवळ आलं तसे लोक ट्रककडे बोटं दाखवू लागले. एक मोटारसायकलवाला तर ओरडतच मागे लागला.

"पाहून राह्यले, बाबा," चंदन खुलला.

"पाहतीनच," म्हणत नत्थूजींनी खिडकीतून हात हलवला. आरसा शेजारीच होता, पण त्यात ते आपला फेटा पाहत होते. पट्टीचं मागचं टोक सुटून मांजराच्या मिशीसारखं बाहेर आलं होतं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बायकांना मांडवाशीच उतरता यावं म्हणून नत्थूजींनी ट्रक मागे घेतला. पट्टी मांडवाच्या पडद्यात घुसली. माणसं ओरडली, म्हणून त्यांनी घाबरून ट्रक पुढे घेतला. पडदा आला, बांबू आला, आणि दारावरच्या रंगाचा पोपडा घेऊन पट्टीही खाली आली. अपेक्षाने घाईत उडी मारली, तशी तिची नथ शोभाबाईंच्या पायाशी पडली.

शोभाबाईंनी ती उचलून चाप दाबून पाहिला. "टोचलं नाई काऊन?"

साक्षगंध मोडलं, असं चंदनने धरूनच टाकलं.

"मी इचारलं, ती नाई म्हणाली," नत्थूजी पुढे झाले. त्यांनी आपल्या नाकावर बोट ठेवलं. "मले कोणी इचारलं नव्हतं, बाई."

"अन् गाडीले?" चंदनच्या तोंडून निघून गेलं.

"तिले इचारता येत नाई, म्हणून भोक पाडलं नाई."

चंदनचं जुनं कोडं सुटलं. शोभाबाई मात्र दाराकडे पाहत होत्या. "मंग हे काय जी?"

'रुख्मिणी'च्या खाली भोकांची सरळ रांग होती. आधीच्या मालकाने लांबीचा लगदा भरून ती बुजवली होती, आणि पोपड्याबरोबर ती लांबीही निघून आली होती. नत्थूजींनी एका भोकात बोट घालून पाहिलं, मग दुसऱ्यात. मग त्यांचा हात आपोआप नाकाकडे गेला.

शोभाबाई खदखदून हसल्या. "गाडी टोचलेली हाय, तिची पट्टी स्क्रूनं बसवा. पोरीले राहू द्या चापाची." त्यांनी स्वतः अपेक्षाच्या नाकाला नथ लावली. "चला, च्या थंडा होऊन राह्यला."

साक्षगंधाच्या फोटोत सगळे हसत आहेत. चंदन तेवढा खाली पाहतो आहे. पट्टीवरची टेप सोडवताना ती त्याच्या दोन्ही हातांना चिकटली होती, आणि काही केल्या निघत नव्हती.