मांजराचे पन्नास मणी

सासऱ्यांनी जेवताना लागोपाठ शिंका दिल्या, नाक पुसलं आणि निकाल जाहीर केला, "या घरात एक तर बोका राहील, नाही तर मी."

"आजोबा, मग तुम्ही आत्याकडे जाणार?" नातीने विचारलं. तिला सगळे चिंगी म्हणत आणि तिने हे अगदी निरागसपणे विचारलं होतं. त्यामुळे सासरे जास्तच भडकले. रविवारी त्यांचा मित्र येऊन बोक्याला आपल्या गोदामात नेणार, असं तिथल्या तिथे ठरलं. चिंगीने ताट सरकवलं. सुनेचा नवरा जेवत राहिला. घरात वाद सुरू झाला की त्याला हमखास भूक लागायची.

उरली सून. चिंगीचे भरलेले डोळे तिला बघवेनात. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, तेव्हा पुराव्याशिवाय कुणाला हद्दपार करणं तिला पटणारही नव्हतं.

"बाबा, शिंका बोक्यामुळेच येतात कशावरून? आधी रक्त तपासू या."

सासरे सुईला भयंकर घाबरत. डोळे गच्च मिटून, चिंगीचा हात धरून त्यांनी रक्त दिलं आणि बजावलं, "एकदाच. पुन्हा मागितलंस तर बोका त्याच दिवशी जाईल."

प्रयोगशाळेत नवीन मशीन आलं होतं आणि त्याच्यासोबत करून बघण्यापुरतं एक छोटंसं किट. घरच्यांचं रक्त वापरा, असं प्रमुख बाईंनीच सांगितलं होतं. सुनेने सासऱ्यांचं रक्त घेतलं आणि तुलनेसाठी एक निर्दोष रक्त हवं म्हणून स्वतःचं घेतलं. तिला कशाचंच वावडं नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

या तपासणीची सगळी गंमत मण्यांत असते. मणी कसले, डोळ्यांना नुसता गढूळपणा दिसतो. पण प्रत्येकाच्या अंगावर एकेका संशयिताचा अंश चोपडलेला असतो आणि पोटात दोन रंगांचं ठरावीक मिश्रण असतं, त्यावरून मशीन ओळखतं की हा मांजराचा, हा कुत्र्याचा, हा गादीतल्या धूळकिड्यांचा. ज्याच्या रक्तात मांजराविरुद्ध राग असेल, त्याचा राग बरोबर मांजराच्याच मण्यांना जाऊन चिकटतो. त्या रागाला मग एक चमकणारं द्रव्य लावायचं. मशीन एकेक मणी प्रकाशापुढून सोडतं. एक प्रकाश विचारतो, तू कोण? दुसरा विचारतो, तुला किती चिकटलंय? रक्ताच्या एका थेंबात सगळ्या संशयितांची एकदम चौकशी होते.

मधेमधे मणी धुवावे लागतात. त्यासाठी बारक्या खळग्यांची ती प्लेट चुंबकावर बसवायची, मणी तळाला धरले गेले की प्लेट सिंकवर एका झटक्यात उलटी करायची. पाणी जातं, मणी राहतात. दुसऱ्या तपासण्यांत सुनेने हे इतक्यांदा केलं होतं की आता ते हातच परस्पर करत.

धुण्याची वेळ झाली आणि टेबलावरचा फोन वाजला. हातमोजा काढून तिने तो घेतला.

"काय निघालं?" सासरे विचारत होते.

"बाबा, अजून व्हायचंय."

"निघणार बोकाच. आत्ता तो अंगणात आहे, मी खोलीत, तरी शिंकतोय. म्हणजे त्याचे केस किती लांब उडत असतील बघ."

तिथून सासरे बोक्याच्या स्वभावावर आले, मग बोक्याला लाडावून ठेवणाऱ्या माणसांवर, मग एकूणच हल्लीच्या काळावर. ती "हो बाबा, हो बाबा" करत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचं डोकं भणाणलं होतं. तिने प्लेट उचलली आणि सिंकवर उलटी केली.

हाताला प्लेट फार हलकी लागली. चुंबक ओट्यावर पडलेलं होतं.

किट संपलं होतं. नवीन कधी येईल कोण जाणे, रविवार मात्र नक्की येणार होता. तिने चुंबक उचलून सिंकमध्ये धरलं. त्याला तपकिरी चिखल चिकटला. त्यात मांजर, कुत्रा, धूळ, सून आणि सासरे सगळे एक झाले होते.

"सिंक तुंबलंय का?" प्रमुख बाईंनी आत येत विचारलं.

सुनेने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

"फोनवर किती वेळ होतात?"

"सासऱ्यांचा फोन होता, बाई."

"म्हणजे बराच वेळ." बाईंनी प्लेट उजेडात धरली. "तेवढ्यात मणी आपोआप खाली बसतात. सगळे नसतील गेले. मशीनला प्रत्येक प्रकारचे पन्नास सापडले तरी पुरतात. चला, पुढचं करा. आणि चुंबक लावा."

संध्याकाळी मशीन मोजायला लागलं. सासऱ्यांच्या खळग्यात धूळकिड्यांचे मणी भराभर सापडले आणि चांगलेच चमकले. मांजराचे सापडेनात. आकडा चाळिशीत रेंगाळला, अठ्ठेचाळीसवर तर थांबलाच. सून पडद्याजवळ सरकली. मग एकदम तीन मणी आले. एक्कावन्नपैकी एकालाही काही चिकटलेलं नव्हतं. बोका सुटला. सुनेला फार हायसं वाटलं.

"आता हे बघा," बाई म्हणाल्या. सुनेच्या खळग्यातलं मांजर नुसतं झगमगत होतं. "रोज सकाळी येऊन तुम्ही शिंकता ना? मला वाटायचं, एसीमुळे."

"मलाही," सून म्हणाली आणि शिंकली.

रात्री घरात दोन्ही निकाल वाचले गेले. आपली गादीच गुन्हेगार निघाली हे सासऱ्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं आणि गोदामवाल्या मित्राला नको म्हणून कळवलं. चिंगी हसत, रडत बोक्याला बिलगली. मग आईकडे बघून ती घाबरली.

"मी गोळी घेईन गं," सून म्हणाली. "बोका राहू दे."

"तो माझ्या खोलीत झोपेल," सासरे म्हणाले. "तू तिकडे फिरकायचं नाहीस, सूनबाई."

"मग केर कोण काढणार तिथला?" सुनेने विचारलं. "तुम्हाला धूळ चालत नाही."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला.

"माझी कुठे तपासणी झालीय?" तो म्हणाला.

"तुझी कशाला करायची?" सासरे म्हणाले. "तू कधी शिंकलायस?"

नवऱ्याने शिंकण्याचा मनापासून प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.