बार्लो काउंटीचा धोका-तक्ता

ज्या समाजात प्रत्येकाच्याच जिवाला धोका असतो, त्या समाजात आधी कोणाच्या, हे ठरवणे शासनाचे आद्य कर्तव्य होय. बार्लो काउंटीने हे कर्तव्य शेरीफच्या कचेरीतल्या तिसऱ्या खिडकीवर सोपवले होते आणि त्या खिडकीमागे ऑर्व्हिल क्रेब्स एकोणीस वर्षे बसत होता. अंगावर पिस्तूल लपवून हिंडण्याच्या परवान्यासाठी आलेले अर्ज अकराशे, बोटांचे ठसे घेणारे यंत्र एक (तेही दमट हवेत रुसणारे). त्यामुळे रांग आली, आणि रांग आली की अग्रक्रम आलाच.

अग्रक्रम धंद्यावरून द्यावा, असे काउंटीच्या समितीने ठरवले, कारण माणसामाणसांत भेदभाव करणे समितीला मान्य नव्हते. चर्चच्या तळघरात तीन दिवस सुनावणी झाली. आपण लोकांच्या डोळ्यांत किती खुपतो, हे प्रत्येक धंद्याने येऊन सिद्ध करायचे होते, आणि इतकी चुरस काउंटीने निवडणुकीतही पाहिली नव्हती. न्यायाधीशांना दहा गुण मिळाले. औषधविक्रेत्यांना आठ, रिकामी घरे अनोळखी माणसांना दाखवत फिरणाऱ्या दलालांना सात. दातांच्या डॉक्टरांनी साडेसहा गुण घ्यायला साफ नकार दिला आणि भूल उतरल्यावर रुग्ण काय काय बोलतात, याची ध्वनिफीत ऐकवली. पाद्र्यांना चारच मिळाले, तेव्हा एक वयस्क पाद्री उठून म्हणाले, "म्हणजे आमचा साधा रागसुद्धा येत नाही कोणाला?" त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. लहान मुलांच्या बेसबॉलच्या पंचांना नऊ गुण बिनविरोध मिळाले (समितीतल्या सगळ्यांना मुले होती).

केस कापणाऱ्यांना दोन गुण मिळाले. 'गिऱ्हाइकाची मान यांच्याच हातात असते, तेव्हा धोका असलाच तर समोरच्याला', असा शेरा त्यापुढे होता.

याखेरीज द्वेषाच्या लेखी पुराव्याला पानामागे एक गुण जास्तीचा. ही सुधारणा ऑर्व्हिलची स्वतःची, आणि ती सांगताना तो खुर्चीत जरा सरळ बसत असे. तोंडी धमकी मात्र ग्राह्य नव्हती, कारण बोलायला काय, कोणीही काहीही बोलते.

मंगळवारी व्हर्ना स्टोल्ट्झ आली. बारा वर्षे ऑर्व्हिलचे केस तीच कापत होती.

"ऑर्व्हिल, माझा नंबर कितवा रे?"

"नऊशे बारावा. पण सरकतोय हं! गेल्या महिन्यात नऊशे पंधरावा होता."

"अरे, डूएन काल दुपारी दुकानासमोर गाडी लावून दोन तास बसला होता. काचेतून माझ्यावर बोट रोखलं. हे असं."

डूएन म्हणजे तिचा घटस्फोटित नवरा. ऑर्व्हिलला मनापासून वाईट वाटले.

"लेखी काही दिलंय का त्यानं?"

"बोट रोखल्याचं लेखी कोण देतं, बाबा?"

"तिथंच तर गाडी अडते."

"मग माझी तक्रार बघ ना. चांगली चार पानं लिहून दिलीय, इथंच, पहिल्या खिडकीवर. त्याला माझ्यापासून लांब ठेवायच्या मनाई हुकमाची सुनावणी अजून तीन आठवडे लांब आहे. तोवर मी काय करू?"

ऑर्व्हिलने तिची फाईल काढली. तक्रार तीत नव्हती. पहिल्या खिडकीवर कागद ज्याच्याविरुद्ध असेल त्याच्या नावाने लावतात, आणि तशी शिस्त हवीच. म्हणून त्याने डूएनची फाईल काढली. डूएन शनिवारी बेसबॉलचा पंच असे. पंच म्हणून नऊ गुण, मुलांच्या बापांची एकेक पानाची तेरा पत्रे, आणि त्याखाली व्हर्नाच्या अक्षरातली चार पाने. समासात लाल पेनाने लिहिले होते: 'अर्जदाराविषयी तीव्र द्वेष, ग्राह्य, चार गुण.' सव्वीस गुणांनी तो थेट रांगेच्या तोंडाशी गेला होता. परवाना सोमवारी सकाळीच दिलेला होता. सही ऑर्व्हिलची.

व्हर्नाने ते खिडकीपलीकडून उलटेच वाचले.

"म्हणजे काल दुपारी तो बसला होता तेव्हा..."

"परवाना त्याच्याकडे होता," ऑर्व्हिल म्हणाला. मग आणखी काही तरी बोलायला हवे असे वाटून म्हणाला, "तुझी तक्रार फार मुद्देसूद होती, व्हर्ना."

ऑर्व्हिलला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तो अर्ज देत असे. त्याने पंचांच्या प्रशिक्षणाचा अर्ज खिडकीतून पुढे सरकवला. "वसंतात वर्ग आहेत. पास झालीस तर नऊ गुण."

"वसंतात," व्हर्ना म्हणाली. "गुरुवारी तुझे केस कापायचेत, लक्षात आहे ना? जमलं तर लवकर ये. काचेपाशी दुसरं कोणी बसलेलं असलं की बरं वाटतं."

ऑर्व्हिलने गुरुवारची नोंद केली आणि खिडकी जेवणासाठी बंद केली.

आता थोडे वाचकांविषयी. हा तक्ता वाचताना आपल्या धंद्याला किती गुण पडले असते, याचा हिशेब तुम्ही मनातल्या मनात करून पाहिला असेलच, आणि तो आकडा दोनाच्या वरच निघाला असेल. वेगळा अर्ज करण्याची गरज नाही, तिसऱ्या खिडकीवर तुमची नोंद झाली आहे. व्हर्नाचा नंबर आता नऊशे तेरावा.