तुतीखालचा बाक

विन्का कोठीच्या खोलीत शिरून, दार लोटून, फोनवर कुजबुजत होती. बाहेर स्वयंपाकघरात तिचा नवरा येर्को सार्डिन साफ करत बसला होता. मासळी काही बोलत नाही, त्यामुळे त्याला सगळं नीट ऐकू येत होतं.

"हो, बाकाचं माप आजच घ्या. आणि त्याला पत्ता लागता कामा नये. कळलं तर गावभर करेल."

ती बाहेर आली तेव्हा येर्कोच्या हातात एकच मासा होता, आणि तो केव्हाचा साफ झाला होता.

"कुणाशी बोलत होतीस?"

"बहिणीशी."

"तुझी बहीण बाक कधीपासून मोजायला लागली?"

"तू मासे बघ. डोकी तशीच ठेवलीयस."

विन्का भूगोलाची निवृत्त शिक्षिका. वसंत ऋतूपासून ती नगर कला समितीची अध्यक्ष होती. गावात काही मोठं बांधलं की खर्चातला एक वाटा चारचौघांना दिसेल अशा कलाकृतीवर घालायचा, हा कायदा. बंदरावर नवा धक्का बांधून झाला होता. आता त्याच्या वाट्याची कलाकृती ठरायची होती, तीही वर्ष संपायच्या आत. नाहीतर पैसा राजधानीला परत. ठरेपर्यंत समितीतल्या कुणी तोंड उघडायचं नाही, अशी शपथ होती. शपथ हवीच होती. या गावात प्रत्येकजण कुणाच्या तरी बारशाचा नाहीतर लग्नाचा कुम, म्हणजे धर्माने जोडलेला नातलग. एका शिल्पकाराचं नाव फुटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचे कुम हॅम घेऊन दारात उभे राहिले असते.

येर्कोने हात धुतले आणि तो तडक धक्क्यावर गेला. तिथे तुतीच्या झाडाखाली एक बाक होता. समुद्र समोर, सावली डोक्यावर, आणि येणाजाणारा प्रत्येक माणूस नजरेच्या टप्प्यात. येर्को, श्पिरो आणि दिन्को या तिघांचं सगळं म्हातारपण त्या बाकावर मावलं होतं. कोळीण जशी डोळ्यांनीच मासा तोलते, तसे ते तिथे बसून गाव तोलत.

बाकाच्या चारही पायांपाशी खडूच्या पांढऱ्या फुल्या होत्या.

"सकाळी एक बाई आली होती," श्पिरो म्हणाला. "फितीने मोजून गेली. मी म्हटलं काय मोजता, तर हसली."

"हसली? मग संपलंच," दिन्को म्हणाला. "बाक उपटणार आणि पुतळा बसवणार. ती महापौरांच्या कुमाची पुतणी असणार, लिहून घे."

"तुझी बायकोच अध्यक्ष ना रे, येर्को? तुला काहीच बोलली नाही?"

"बहिणीशी बोलत होते म्हणाली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको खोटं बोलते म्हणजे गोष्ट मोठी आहे, यावर एकमत झालं. आणि ठरलं, की बाक सोडायचा नाही. एकजण जेवायला जाईल तेव्हा दोघे बसतील. पुतळा बसवायचाच असेल तर आमच्या मांडीवर बसवा!

त्याच संध्याकाळी जुगो सुटला.

दक्षिणेचा हा ओलसर वारा आला की भिंती घामेजतात, मीठ पाणी सोडतं, सख्ख्या बहिणी अबोला धरतात. त्या गावच्या बायका पीठ मळता मळता गुणगुणतात तसं,

*जुगो आला दारी, दार लावा घट्ट,*
*शहाण्याच्या डोक्यातही शिरतो गं हट्ट.*

जुगो वाहत असताना कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, ही बापजाद्यांची रीत. त्या वाऱ्यात माणसाची बुद्धी माणसाची राहत नाही, म्हणतात. समितीची बैठक पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे. वारा हटेना, आणि तिघे उठेनात.

दिन्कोने पुठ्ठ्यावर 'आम्ही उठणार नाही' असं लिहून गळ्यात अडकवलं. जिल्ह्याच्या पेपरवाल्याने फोटो छापला. मग कुणी घोंगड्या आणून दिल्या, कुणी चार्डच्या पाल्याचं सूप आणलं, आणि पाद्रीबाबा येता-जाता आशीर्वाद देऊ लागले. कुणाच्या बाजूने ते मात्र त्यांनी गुलदस्त्यात ठेवलं.

बाकावर मात्र वाऱ्याने आपलं काम चालवलं होतं.

"येर्को, एक विचारू?" दिन्को पत्ते पिसत म्हणाला. "तू घरी जेवायला जातोस, तेव्हा तिला काय काय सांगतोस?"

"सूप गरम कर, एवढंच सांगतो."

"त्या दिवशी तुझ्या जेवणानंतरच नगरपालिकेचा माणूस फिरकला."

"म्हणजे मी फितूर?"

"मी कुठे म्हटलं? जुगो म्हणतोय."

येर्को रागाने त्या दिवशी जेवायलाच गेला नाही. कंबर ठणकत होती, बाकाला पाठ नव्हती, पण तो ताठ बसून राहिला. विन्काही काही कमी नव्हती. शपथ म्हणजे शपथ. ती डबा घेऊन यायची, बाकावर ठेवायची आणि म्हणायची, "खा. नाहीतर उपाशी मेलास तर म्हणशील समितीने मारलं."

वर्ष सरत आलं. जुगो हटला नाही. शेवटी नाइलाज झाला. बापजाद्यांची रीत मोडून, खिडक्या गच्च लावून, समिती बसली. आत तासभर आरडाओरडा झाला. मग समिती धक्क्यावर आली. पुढे विन्का, मागे सगळे सभासद, आणि त्यांच्यासोबत ती फीतवाली बाई.

"उठा," विन्का म्हणाली. "या शिल्पकार आहेत. यांना पुन्हा माप घ्यायचंय. खडू वाऱ्यापावसात धुऊन गेला."

"नाही उठणार!"

"अरे गाढवांनो, बाक कोण काढतंय? या बाकाला कोरीव दगडाची पाठ बसवायची होती! लाटांची, माशांची. तुमच्या कमरेच्या उंचीची. मी सहा सभासदांशी भांडून भांडून गळी उतरवलं होतं. बाहेर फुटलं असतं तर गाव म्हणालं असतं, अध्यक्षीणबाईंनी सरकारी पैशातून नवऱ्याला टेका दिला!"

श्पिरो हळूच उठू लागला. "मग घ्या की माप..."

"बसा!" शिल्पकार बाई ओरडली. ती दोन पावलं मागे सरकली, डोळे बारीक केले, मान कलती केली. "कुणी हलू नका. ती घोंगडी... तो पुठ्ठा... तो संशय चेहऱ्यावरचा! दगड घडवून बसवायला आता वेळ कुठे उरलाय? ही कलाकृती तर तयारच आहे. जिवंत शिल्प. लोकसहभागही आपोआप झालाय."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्ष संपत होतं, पैसा राजधानीला चालला होता, आणि जुगो कानात शिरला होता. हात वर झाले, सगळ्यांचे, एकदम.

मोबदला शिल्पकार बाईंना मिळाला. तिघांना काहीच नाही, कारण सभासदांच्या नातलगांना लाभ देता येत नाही, आणि तिघेही कुणा ना कुणाचे कुम होते. बाकाशेजारी पितळेची पाटी लागली: 'प्रतीक्षा. माध्यम: माणसं, लाकूड, तुती.' सकाळी नऊ ते बारा बसणं बंधनकारक. तयार कलाकृतीत बदल करायचा नाही, म्हणून पाठही नाही, उशीही नाही. पत्ते खेळायची परवानगी मिळाली, पण जिंकल्यावर ओरडायची नाही.

देखरेखीचं काम समितीच्या अध्यक्षांकडे आलं. विन्का रोज सकाळी समोर खुर्ची टाकून लोकर विणत बसते. आयुष्यभर ज्या नवऱ्याला हाका मारून मारून तिचा गळा बसायचा, तो आता नऊच्या ठोक्याला नेमक्या जागी, नेमक्या बाजूला तोंड करून बसलेला असतो.

मार्चमधल्या एका स्वच्छ सकाळी येर्को कंबर चोळत तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या मनात काहीतरी शिरलं होतं, आणि या वेळी वाऱ्याला दोष देता येत नव्हता.

"विन्के, खरं सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "ती दगडी पाठ... ती होती का गं खरंच?"

विन्काने विणकाम खाली ठेवलं. ती उठून बाकापाशी आली, त्याची टोपी सरळ केली, कॉलरवरचं तुतीचं कोवळं पान झटकलं आणि लांब जाऊन नीट दिसतंय ना ते पाहिलं.

"पुतळे बोलत नाहीत, येर्को," ती म्हणाली.