कार्डावरचा बस्ता

"इवाई, खिशाला हात लावायचा न्हाई! समदा बस्ता आपल्या कार्डावर!" हिंगोलीच्या कापड दुकानात गादीवर मांडी घालता घालताच नामाजीने जाहीर केलं. ते शेजारी बसलेल्या व्याह्यांना ऐकू गेलंच, पण समोरच्या रसवंतीवाल्यालाही गेलं.

पुसेगावच्या नामाजीची लेक राजनंदिनी सिद्धेश्वर गावच्या जळबाच्या घरी द्यायची ठरली होती. रिवाजाप्रमाणे दोन्हीकडची माणसं बस्त्याला एकत्र आली होती, आणि रिवाजाप्रमाणे खर्च निम्मा-निम्मा व्हायचा होता. पण नामाजीला निम्म्यात राम वाटेना. पुण्याच्या कंपनीत लागलेल्या थोरल्या पोराने, परमेश्वरने, आपल्या क्रेडिट कार्डाला जोडून बापाच्या नावाचंही कार्ड काढून दिलं होतं. साल दोन हजार सहा. उभी हयात मेंढरांमागे घातलेल्या माणसाचं नाव इंग्रजीत, तेही उठावाच्या अक्षरांत आलेलं. नामाजी जेवायला बसला तरी अंगठ्याने ते चाचपून बघायचा. अभिमान वाटणारच, का वाटू नये?

"कार्डाचं कसं हाय इवाई," तो समजावून सांगू लागला, "आज घ्या अन् पैशे पुढल्या महिन्यात द्या. वाटंत चोरानं धरलं तरी त्याला काय घावंल? प्लास्टिक!"

डोक्यावरचा पटका सारखा करत जळबा नुसता "व्हय" म्हणाला. एरवी हा माणूस दहा माणसांचं बोलायचा. आज मात्र तो गप्प होता. नामाजीला वाटलं, दिपला बिचारा.

"आदी आपल्या निम्म्याचं बगा की," नामाजीची बायको अनुसयाबाई हळूच म्हणाली.

"तू गप बस. शेठ, वरचं दाखवा!"

नोटा मोजायच्या म्हटलं की माणसाचा हात आपोआप आखडतो. कार्डाला ती अडचणच नव्हती. एका शालूचे दोन झाले. आत्यांना लुगडी झाली, मग आत्यांच्या सुनांना झाली. टोप्या आणि उपरणी चाळीस. जळबाची बायको जिवनबाई "पुरं आता, इवाई" म्हणाली, तेव्हा तिच्या माहेरच्यांना आणखी सहा साड्या निघाल्या. शेवटी सगळ्यांना घेऊन आलेल्या जीपच्या ड्रायव्हरलाही शर्टपीस मिळाला. त्याने नको नको म्हणत रंगही निवडला. आकडा झाला तेवीस हजार सहाशे.

नामाजीने बंडीच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून कागदाची पुडी काढली आणि पुडीतून कार्ड. शेठने ते मशीनमधून ओढलं. मशीन गप्प. पुन्हा ओढलं. काही नाही. धोतराला पुसून ओढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओढलं.

"दमलं आसल," अनुसयाबाई म्हणाली.

मग शेठने बँकेला फोन लावून नामाजीच्या हातात दिला. पलीकडच्या बाईने जन्मतारीख विचारली.

"पटकीची साथ आली व्हती बगा, त्या सालचा. पोळ्याच्या आसपास."

बाईने पुन्हा तारीख विचारली.

"पोळा कवा येतो त्येबी ठावं न्हाई का, बाई?"

फोन कटला. शेठने हताश होऊन कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं, उलटंसुलटं केलं आणि त्याचे डोळेच मोठे झाले.

"नामाजी, ये कोना किसने काटा?"

"म्या," नामाजी छाती काढून म्हणाला. "आमच्या समद्या मेंढरांच्या डाव्या कानाला आशीच तिरपी खूण आसती. दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी वळकू येतं. पोरगं म्हणलं, आबा, कार्ड हरवू देऊ नगा. म्हणून खूण केली."

"अरे बाबा, पीछे की काली पट्टी कट गई! मशीन वही तो पढ़ती है!"

नामाजीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तेवीस हजारांचं त्याने एक वेळ सोसलं असतं. पण उद्या पोरीला ज्या घरात नांदायचं, त्या घरच्या माणसांसमोर तिचा बाप तोंडाचा पोकळ ठरला होता. त्याला मान वर करवेना.

जळबा दोनदा खाकरला. मग त्याने पटक्याच्या घडीत बोटं घातली आणि एक कार्ड काढून गादीवर ठेवलं. त्याचाही कोपरा कातरलेला होता.

"आमी उजव्या कानाला करतो," तो म्हणाला.

"इवाई! तुमाला कोणं देलं?"

"तुमच्या जावयानं. औरंगाबादहून धाडलं. मंगळवारी पंपावर देलं तं चालंचना. मला वाटलं, मशीनच बाद हाय. आज तुमी कार्डाचं काढलं, म्हणलं आपलं झाकून ठिवावं."

शेठने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. नामाजीचं तोंड मात्र उजळलं. "बगितलं का! पोरगी बराबर घरात देली म्या!"

"त्ये झालं," जिवनबाई म्हणाली, "पण या कापडाचं कसं करायचं?"

"निम्मं-निम्मं," जळबा म्हणाला.

"न्हाई! शबुद माझा हाय!"

अनुसयाबाई पुढे सरकली. तिने कपड्यांचे भराभर दोन ढीग केले. "हे लग्नाचं," ती शेठला म्हणाली, "अन् हे कार्डाचं. कार्डाचं वापस ठिवा." ड्रायव्हरचा शर्टपीस तिने क्षणभर हातात धरला आणि लग्नाच्या ढिगात टाकला. ड्रायव्हरने श्वास सोडला. लग्नाच्या ढिगाचे तेरा हजार आठशे झाले. अनुसयाबाईने कमरेची पिशवी सोडून पुऱ्या रकमेच्या नोटा मोजून दिल्या.

"हे कुठून आणले?" नामाजी चाट पडला.

"तुमी कार्ड दाखवत गावभर फिरून राहिले व्हते, तवा चार मेंढे इकले."

"मला न इचारता?"

"शबुद देताना तुमी मला इचारलं व्हतं का?"

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण बायकोचा एवढा अभिमान नामाजीला आजवर वाटला नव्हता. तसं तिला सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना. म्हणून तो व्याह्यांकडे वळला आणि पुन्हा रसवंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "बगितलं का, इवाई? नामाजीचा शबुद कदी खाली पडत न्हाई!"

"पडला व्हता," शालूची घडी पिशवीत घालत अनुसयाबाई म्हणाली. "म्या उचलला."