मॅचिंगच्या कोंबड्या

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आणि काखेत कोंबडी, अशा अवतारात मन्मथअण्णा आमच्या फाटकापाशी उभे होते.

"बाजूला सर माय, ऊन अडवून राहिलीस," ते मला म्हणाले.

मी सरले. त्यांनी कोंबडीचा पाय उन्हात धरला, त्यावर कापडाची एक पट्टी ठेवली, मान तिरकी करून बघितलं आणि नाराज झाले. "हळदी न्हाई चालत. हिला चंदन लागतंय."

ज्या घरात अंड्याचं नावही घेत नाहीत, त्या घरच्या माणसाच्या काखेत कोंबडी का, हे विचारायला मला चार दिवस लागले. मला कुठल्याही प्रश्नाला साधारण तेवढे लागतात.

अण्णांचं उदगीरच्या बाजारात मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. आता ते त्यांचा मुलगा बघतो, पण अण्णांच्या डोळ्यांतून रंग गेलेले नाहीत. आकाश कधी निळं नसतं, ते 'फिरोजी, पर रंग उडालेला' असतं. त्या दुष्काळात गल्लीत दोनच विषय होते, टँकर आणि उदगीर जिल्हा होणार की नाही. अण्णा जिल्ह्याच्या बाजूनं होते. "कलेक्टर येईल, कलेक्टरीणबाई येईल. तिलाबी मॅचिंग लागंलच की!"

कोंबड्या त्यांच्या नव्हत्याच. शेजारच्या रजियाबींच्या होत्या. रजियाबींनी तीस वर्षं अण्णांच्या दुकानातल्या साड्यांना फॉल-पिको करून दिलं. नवरा गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. आठ-आठ दिवस टँकर येईना, गुडघे दुखत असताना घागरी उचलवेनात, म्हणून लेकीनं त्यांना हैदराबादला नेलं. जाताना त्यांनी सहा तांबड्या गावरान कोंबड्या अण्णांच्या परसात सोडल्या आणि म्हणाल्या, "दो महिने संभालो अण्णा. छे की छे मेरेकू वापस होना."

"अमानत हाय," अण्णा मला सांगायचे. "एक जरी बदलली तर मी तिला काय तोंड दाखवू?"

रजियाबी प्रत्येकीला चेहऱ्यानं ओळखायच्या. अण्णांना सहाही चेहरे सारखेच दिसत. म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या पायात खुणेची पट्टी बांधायचं ठरवलं. फॉलचं कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर ओलं झालं की आकसतं आणि पायात रुततं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पाणी मोजून वापरायचे दिवस होते. सहा पट्ट्या त्यांनी एका फुलपात्रात भिजवल्या आणि ते पाणी कोंबड्यांनाच पाजलं. गाठ मारल्यावर पट्टी आणि पाय यांच्यात करंगळी घालून बघितली. सगळं अगदी नीट.

कोंबडीनं अंडं दिलं की मात्र पंचाईत व्हायची. अण्णा अंड्याला हात लावत नसत. त्यावर टोपली पालथी घालून ते दारात येत आणि ओरडत, "कोण खाणारं हाय का रे?" गल्लीत खाणारे पुष्कळ होते, पण भस्म लावलेल्या माणसासमोर हात वर करायला सगळेच लाजत. शेवटी मी जाऊन अंडी उचलायला लागले. आमची ओळख अशी वाढली.

गुरुवारी टँकर आला. त्याच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्याचं थारोळं झालं आणि गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या त्यात उतरल्या. टँकर गेला. अण्णा टोपली घेऊन उभे राहिले. समोर वीसेक तांबड्या कोंबड्या, चाळीसेक पिवळे पाय. अण्णा वाकले, गुडघ्यावर बसले, शेवटी चष्मा पुसला.

"अण्णा, पट्ट्या दिसतच नाहीत," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी जमलं की!"

"नाही अण्णा. दिसायला हव्यात."

प्रत्येक कोंबडीच्या पायाचा पिवळा रंग वेगळा, म्हणून त्यांनी सहा पायांना सहा छटा शोधल्या होत्या. हळदी, चंदन, मोतिया, लिंबू, बदामी, कच्ची कैरी. पट्टी पायात अशी विरघळली होती की हातात धरल्याशिवाय सापडेना.

"आरं तिच्या," ते हळूच म्हणाले. "उभी हयात फॉल दिसू नये म्हणूनच लावत आलो की मी."

एकेक पाय चाचपून आम्ही त्या सहाही घरी आणल्या. मग अण्णांनी पेटी उघडून राणी, शेंदरी, मोरपंखी, जांभळी, पोपटी आणि काळी पट्टी काढली. बांधताना त्यांचं तोंड औषध घेतल्यासारखं झालं होतं. "मी बांधल्या म्हणून बाजारात सांगू नको. कॉन्ट्रास करतो म्हणतील म्हातारा."

तरीही त्यांना खात्री वाटेना. म्हणून रविवारी माझ्या फोनवरून रजियाबींना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा एकेक कोंबडी उचलून स्क्रीनसमोर धरत होते.

"हौ, ये मेरीच. ये भी. इसकी कलगी देखो, गिरेली है. अण्णा, ये पाँव में क्या रंगपंचमी खेले?"

सहाच्या सहा निघाल्या. अण्णा ओट्यावर मटकन बसले आणि घटाघट पाणी प्यायले. त्या दुष्काळात मी कुणाला असं पाणी पिताना बघितलं नव्हतं.

मग दर रविवारी कॉल ठरला. अण्णा शनिवारी दाढी करायचे. दोन महिन्यांचे तीन झाले. एका दुपारी ते डोळे मिटून ओट्यावर पडले होते, आत एक कोंबडी कॉक-कॉक करत ओरडली. "शेंदरी," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. मी जाऊन बघितलं. शेंदरीच होती.

चौथ्या महिन्यात एका रविवारी रजियाबींनी कोंबड्या बघायला मागितल्याच नाहीत. "अण्णा, बेटी बोलरी अब इधरीच रहो. घर किराये पे देती मैं. मुर्गियाँ बेच डालो."

शेंदरी अण्णांच्या मांडीवर होती. तिच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत राहिला.

"इकतो की," शेवटी ते म्हणाले. "पर कोणत्या इकू? गोंधळ झालाय. पट्ट्या सुटल्या टँकरखाली. आता तुझ्या कोणत्या, लोकाच्या कोणत्या, मला काय कळतंय?"

शेंदरीच्या पायातली पट्टी माझ्या डोळ्यांसमोर चमकत होती. रंगाच्या बाबतीत ज्या माणसानं गिऱ्हाईक परत घालवलं, पण खोटं सांगितलं नाही, तो सरळ खोटं बोलत होता. बोलता बोलता त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी फोन वर केला, कडुलिंबाकडे.

"मेरेकू झाड कायकू दिखा रहे? उस बच्ची कू पूछो."

आता माझी पाळी होती. मी घसा साफ केला. "खरंच ओळखू येत नाहीत, रजियाबी. तुम्हीच या."

पलीकडून त्या म्हणाल्या, "एक काम ढंग से नहीं होता तुमसे. अगले इतवार की गाड़ी से आती मैं. लेकिन पानी?"

"तुझा ड्रम पयल्या महिन्यापासून भरून ठिवलाय," अण्णा म्हणाले. "दर टँकरला बदलतो पाणी. शिळं न्हाई."

फोन बंद झाल्यावर अण्णांनी कात्री मागितली. एकेकीला जवळ घेऊन ते पट्ट्या कापायला लागले. सगळ्यात शेवटी शेंदरी. तिची पट्टी निघाली, तरी अण्णांनी तिला लगेच खाली सोडलं नाही.

"येईल ती रविवारी," ते तिला म्हणाले. "लगेच वळख देऊ नको गं. जरा येळ लागू दे."