लाइमच्या उलट काय?

भाषेत प्रत्येक शब्दाला उलट शब्द असतोच. सापडत नसेल, तर समिती नेमलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ती उणीव आम्ही केव्हाच भरून काढली. इंग्रजी विरुद्धार्थी शब्द समितीत मी स्थापनेपासून आहे आणि इतकी कष्टाळू माणसं एका बाकावर बसलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. पुस्तकी शब्द आम्ही एका सकाळीच संपवले. बोलण्यातले मात्र जिकिरीचे. ('आत्ता येतो' याच्या उलट काय म्हणतात, ते शोधायला गेलेले सदस्य अद्याप परतलेले नाहीत.)

यंदा मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत कुणीतरी विचारलं : 'लाइम'च्या उलट काय? लाइम म्हणजे चार जणांनी जमून काहीही न करणं, आणि ते मन लावून करणं. आमच्या बेटावर हे सगळ्यांना येतं, त्यामुळे त्याच्या उलट काय हे कुणालाच सांगता येईना. शानेल जोसेफ या मुलीनं लिहिलं, 'वाट बघणं'. तपासनिसांनी गुण कापला आणि त्या एका गुणानं तिची घराजवळची शाळा हुकली. आता रोज दोन बस बदलायच्या. तिची आई वर्लिन अपील घेऊन आमच्याकडे आली. शुक्रवारी प्रवेश बंद होणार होते.

समितीनं प्रश्न शास्त्रशुद्ध हाताळला. 'काम' हे उत्तर लगेच बाद झालं, कारण आम्ही बसलो होतो ते कामालाच. 'मयत' तपासायला शेजारच्या गल्लीतल्या एका मयताच्या घरी जाऊन बसलो. तिथली रम, डॉमिनो आणि गाणी पाहता तेही बाद. 'तुरुंग'बद्दल सदस्या इंद्रा सीचरन यांच्या आतेभावानं स्वानुभवावरून कळवलं, की तिथल्यासारखी लाइम बाहेर होत नाही. एकूण नव्वद टक्के उत्तरं अशी बाद झाली. उरलेली दहा टक्के जेवणानंतर कुणाला आठवेनात.

शुक्रवारी दुपारी अध्यक्ष डेझमंड अ‍ॅलेन व्हरांड्यात आले. वर्लिनबाई तिथे सोमवारपासून बसून होत्या.

"काय टँटी, अशा एकट्या काय बसलात? आत या, पेलाव-भात गरम आहे."

"जेवण नको साहेब. पोरीचं तेवढं बघा."

"बघतोय की. उपाशीपोटी कुठे निकाल लागतो होय? इंद्रा, यांना ताट दे. कोंबडीचा तुकडा बघून दे."

बाईंनी भिडेखातर दोन घास खाल्ले. कुणाच्या तरी विनोदावर जराशा हसल्याही. हसल्यावर त्या फार दमलेल्या दिसल्या आणि मला खरंच वाईट वाटलं.

अ‍ॅलेनसाहेबांनी हात पुसले. "मंडळी, नोंद घ्या. या बाई वाट बघतायत, आणि लाइमही करतायत. दोन्ही एकाच वेळी. मग एक दुसऱ्याच्या उलट कसं?"

तर्कात फट नव्हती. अपील एकमतानं फेटाळलं गेलं.

वर्लिनबाईंनी ताट खाली ठेवलं. "साहेब, आठवडाभर लाइम तुम्ही केलीत. वाट मी बघितली. माझ्या लेकीनं दुसरं काय लिहिलं होतं?"

मुद्दा विचारार्ह आहे, यावरही आमचं एकमत झालं. पण तोवर प्रवेशाची खिडकी बंद झाली होती.

समितीनं वेळ घालवला, अशी टीका होते. ती करणाऱ्या वाचकांना नम्र आठवण, की बाई आल्याचं आणि शुक्रवारच्या मुदतीचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तरीही मयत आणि तुरुंगाच्या किश्श्यांपाशी ते आमच्याबरोबर मजेत बसले होते. अशा सर्वांना समितीचं मानद सदस्यत्व द्यावं, असा ठराव मी मांडला आहे. पात्रतेबद्दल कुणाला शंका नाही.