गायकवाडांचा घडीचा मंडप

गायकवाडांच्या हाती लग्नपत्रिका दिली की ते आधी कागदाची जाडी बघायचे, वधूवरांची नावं नंतर. मी माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली. "छान उभा राहील हा," म्हणाले, आणि माझ्यादेखत तिच्या नागमोडी घड्या घालून टेबलावर कमान उभी केली. वर चहाचा भरलेला कप ठेवला. थेंब सांडला नाही. लग्नाला मात्र आलेच नाहीत. तारीख घडीत गेलेली!

आम्ही दोघं डोंबिवलीत मानपाड्याकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. ऐंशीचं दशक सरत आलेलं. दिवसभर बॉयलरचे भाग काढायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत गायकवाडांनी रद्दी ट्रेसिंग पेपरचे घुमट करायचे. वर येणारी घडी म्हणजे 'डोंगर', आत जाणारी 'नाला'. "डोंगर, नाला, डोंगर, नाला..." असं पुटपुटणं चालू. कुणी हसलं की म्हणायचे, "कागद लेचापेचा नसतो हो. त्याला कुणी नीट घडी लावत नाही." साहेबांनी एकदा कुणाचा तरी रजेचा अर्ज मागितला, तर तो गायकवाडांच्या टेबलावर दोन पेपरवेट पेलत उभा होता.

पण त्यांचा जीव अडकला होता कळव्याला. खाडीलगतच्या वस्तीत ते वाढलेले. तिथल्या जयंतीसाठी त्यांना घडीचा मंडप करायचा होता. हातगाडीवर गठ्ठा यावा, चौघांनी ओढावा आणि त्याची भलीमोठी कमान उघडावी. पातळ प्लायवूडचे त्रिकोण, कॅनव्हासच्या बिजागऱ्या. तीन वर्षं सुट्टीचा दिवस त्यांनी पाहिला नाही.

चाचणीला मला घेऊन गेले. रविवारची सकाळ, सगळी वस्ती जमलेली. चौघांनी ओढलं आणि ते खरंच उघडलं.

"अरे, उघडला रे!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. गायकवाड आत मधोमध जाऊन वर बघत उभे राहिले. त्यांचा तसा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला. एक बिजागरी फाटली, मग शेजारची. मंडप धाडकन नाही पडला, हळूहळू बसला, त्यांच्यासकट. आम्ही त्यांना बाहेर ओढलं तेव्हा लोक हसत होते.

"यात आमच्या कोंबड्यापण राहायच्या नाय," एक जण म्हणाला. जयंती समितीचे म्हातारे अध्यक्ष जवळ आले, गायकवाडांच्या शर्टावरची धूळ झटकली. "यंदा बांबूचाच घालू. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही.

त्यानंतर ऑफिसात त्यांनी कागदाला घडी घातली नाही. आम्ही मुद्दाम पत्रिका पुढे सरकवायचो. ते नावं वाचायचे आणि ठेवून द्यायचे.

"पुन्हा करा ना," मी एकदा म्हटलं.

"कुणासाठी?"

मग ते वरचेवर रजा घेऊ लागले. काय झालं बघावं म्हणून एका सकाळी मी घरी गेलो. वहिनी खाटेवर पडून होत्या. मधुमेहानं त्यांच्या पायांची आग व्हायची, चादर टेकलेलीही सोसायची नाही. म्हणून गायकवाडांनी पायांवर पुठ्ठ्याची घडीदार कमान उभी केली होती आणि चादर तिच्यावर पसरली होती.

"दमट हवेत पुठ्ठा बसतो," ते म्हणाले. "म्हणून रोज सकाळी नवी करतो." आणि चहा टाकायला आत गेले.

वहिनींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"भाऊजी, ह्यांना सांगू नका. वर्ष होत आलं, पायांना काही कळतच नाही. सुई टोचली तरी नाही."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं तर सकाळी उठून करतील काय?"

गायकवाड चहा घेऊन आले. कप ठेवले, वाकले, कमानीची एक कडा बोटानं किंचित बाहेर ओढली.

"टोचत नाही ना गं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आज बरं वाटतंय."